सप्तमीचा चंद्र

२१ जुलै १९६९, सोमवार. नील आर्मस्ट्राँगचा डावा बूट चंद्राच्या धुळीत टेकला, तेव्हा भारतात सकाळचे आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. जगभरातल्या साठ कोटींच्या आसपास लोकांनी तो क्षण टीव्हीवर पाहिला असं म्हणतात. त्यात आपण नव्हतो. देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत, तोही दिवसातून थोडाच वेळ, आणि उपग्रहावरून येणारं परदेशी चित्र उतरवून घेऊन लोकांपर्यंत पोचवायची सोय इथे व्हायची होती. गंमत म्हणजे त्या वेळी चंद्रसुद्धा आपल्या आकाशात नव्हता. तो आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास मावळला. त्यानंतर, पावणेदोनच्या पुढे, अपोलो-११ मोहिमेचं ईगल हे यान चंद्रावर उतरलं. चंद्र पुन्हा उगवायला दुपार झाली, तोवर आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चालणं-फिरणं आटोपून, दार लावून आत बसले होते.

त्यामुळे माझ्या वयाच्या मराठी माणसाला कुणी विचारलं, की चंद्रावर माणूस उतरताना तुम्ही पाहिला होता का, तर खरं उत्तर ‘ऐकला होता’ असं आहे.

आम्ही तेव्हा कराडला राहायचो. मी चौथीत, शाळा अकराची, म्हणून सकाळी घरीच. वडील बँकेत कारकून. दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी रात्री, इंदिरा गांधींनी रेडिओवरून चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली होती आणि वडिलांची बँक त्या चौदांत होती. सोमवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत जमलेल्या मंडळींना चंद्राचं कौतुक होतंच, पण पगार वाढणार की गोठणार, बदली कुठे होणार, हे विषय जास्त जवळचे होते. मर्फीच्या सेटवर लघुलहरींवरचं व्हॉइस ऑफ अमेरिका लावलेलं. खरखर, मध्येच बुडणारा आणि मध्येच वर येणारा आवाज, आणि ते अमेरिकन इंग्रजी. शेजारच्या मास्तरांना इंग्रजी येतं असा आळीत समज होता. ते कान सेटला लावून मधूनमधून हात वर करायचे आणि म्हणायचे, “आता शिडीवर आहे. आता शिडीवरच आहे.” कुणीतरी विचारलं, “अहो, पण अजून शिडीवर काय करतोय?” नेमकं काय चाललं होतं ते आम्हाला नंतर मराठी बातम्यांत कळलं.

मला मात्र सकाळपेक्षा त्या दिवसाची संध्याकाळ जास्त आठवते. आषाढी एकादशी चार दिवसांवर आलेली, पालख्या पंढरपूरच्या वाटेवर, पावसाची उघडझाप चाललेली. ढग फाटले की सप्तमीचा अर्धा चंद्र दिसायचा. एरवी संकष्टी आणि कोजागिरी सोडली तर चंद्राकडे न बघणारी माणसं ओट्यावर येऊन वर बघत होती. दिसणार काय? काही नाही. पण पुढे मोठेपणी मोहिमेच्या वेळांचा भारतीय वेळेशी मेळ घातला, तेव्हा लक्षात आलं की आम्ही बघत होतो तेव्हा ते दोघे खरोखरच तिथे होते. त्यांचं यान चंद्रावरून निघालं ते आपल्या रात्रीच्या अकरा वाजून चोवीस मिनिटांनी. त्याआधीचे काही तास ते झोपायच्या खटपटीत होते. बझ ऑल्ड्रिन जमिनीवर मुटकुळं करून, आर्मस्ट्राँग इंजिनाच्या झाकणावर आडवा होऊन आणि पाय एका पट्ट्यात अडकवून. आत इतकी थंडी, की धड झोप लागलीच नाही. आणि त्याच रात्री, आपल्याकडे सव्वानऊ वाजून गेल्यावर, तिथून हजारभर किलोमीटरवर सोव्हिएत रशियाचं लूना-१५ हे मानवरहित यान चंद्रावर आदळून फुटलं. म्हणजे कराडच्या ओट्यावरून दिसणाऱ्या त्या अर्ध्या तुकड्यावर एकाच संध्याकाळी एक यान शाबूत उभं होतं आणि दुसरं कोसळत होतं. पहिल्याची खबर साऱ्या जगाला होती. दुसऱ्याचं नेमकं काम काय, हेसुद्धा मॉस्कोने आधी सांगितलेलं नव्हतं.

ज्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यांना तरी काय दिसलं? मला या चित्राच्या जन्मकथेचं वेड आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

मुळात कॅमेरा न्यावा की नाही यावरच नासात वाद होता. वजनाच्या प्रत्येक किलोला किंमत होती आणि काही इंजिनियरांना टीव्ही म्हणजे निव्वळ तमाशा वाटत होता. शेवटी वेस्टिंगहाऊस कंपनीत स्टॅन लेबारच्या चमूने सव्वातीन किलोंचा, सात वॅटच्या आतबाहेर वीज खाणारा कॅमेरा बनवला. अडचण पुढे होती. ईगलमधून पृथ्वीकडे येणाऱ्या एकाच रेडिओ प्रवाहात अंतराळवीरांचं बोलणं, त्यांच्या हृदयाचे ठोके, यानातल्या यंत्रांचे आकडे, सगळं कोंबायचं होतं. उरलेल्या चिंचोळ्या जागेत नेहमीचं टीव्हीचं चित्र मावेना. म्हणून सेकंदाला दहाच चित्रं, प्रत्येकात ३२० रेषा, असं संथ चित्र पाठवायचं ठरलं. घरोघरच्या अमेरिकन टीव्हीला मात्र सेकंदाला तीस चित्रं आणि ५२५ रेषा लागत. मग काय, पृथ्वीवरच्या केंद्रात ते संथ चित्र एका छोट्या पडद्यावर लावायचं, समोर साधा टीव्ही कॅमेरा ठेवून त्याचं पुन्हा चित्रण करायचं, तीच ती चौकट पुन्हा पुन्हा वापरून मधल्या जागा भरायच्या आणि ते पुढे धाडायचं. चंद्रावरून आलेलं चित्र बरंच स्वच्छ होतं. ते धूसर झालं पृथ्वीवर आल्यावर, या उलथापालथीत.

आणखी एक भानगड. कॅमेरा ईगलच्या पायाशी, सामानाच्या एका दुमडत्या फळीवर बसवला होता. आर्मस्ट्राँगने शिडीच्या वरच्या टोकाशी एक दोरी ओढली, फळी खाली उघडली आणि कॅमेरा सुरू झाला. पण नीट बसावा म्हणून तो उलटा बसवलेला, त्यामुळे चित्रही उलटं येणार. ते सुलटं करायचं बटण पृथ्वीवरच्या केंद्रात होतं. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनहून पहिलं चित्र आलं ते डोकं खाली, पाय वर. बटण दाबलं गेलं, तरी काळं-पांढरं इतकं भडक, की शिडी कुठे आणि माणूस कुठे ते कळेना. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला तेव्हा दुसरा पर्याय होता ऑस्ट्रेलियाचा, कारण चंद्र प्रशांत महासागराच्या बाजूला होता. आर्मस्ट्राँगचा पाय टेकायच्या अगदी थोडं आधी त्यांनी कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक या केंद्राचं चित्र घेतलं. जगाने पाहिलेलं पहिलं पाऊल हे हनीसकल क्रीकचं.

न्यू साउथ वेल्समधल्या पार्क्सची ६४ मीटरची मोठी डिश त्या वेळी तयारीत होती, पण तिला क्षितिजाच्या फार जवळ झुकता येत नसे. चंद्र वर येण्याची वाट बघत ती पूर्ण कलवून ठेवलेली असतानाच ताशी ११० किलोमीटरचे वाऱ्याचे दोन झोत आले. नियंत्रण कक्ष हादरला. नियमाप्रमाणे डिश वर करून काम थांबवायला हवं होतं. केंद्राचे प्रमुख जॉन बोल्टन थांबले नाहीत. सुमारे नऊ मिनिटांनी पार्क्सचं चित्र इतकं चांगलं आलं, की पुढच्या अडीच तासांचं प्रक्षेपण तिथूनच चाललं. (ही डिश ज्या सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन विज्ञानसंस्थेची, त्याच संस्थेने भेट दिलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ डिशा १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या होत्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांची ती सूर्य न्याहाळणारी रेडिओ दुर्बीण. कल्याणची माणसं हे फार सांगत नाहीत. मी असतो तर स्टेशनवर पाटी लावली असती.)

एवढं सगळं करून जे घराघरांत पोचलं ते पावसाने भिजलेल्या खिडकीच्या काचेतून अंगणातला माणूस दिसावा तसं होतं. तरी पुढे शिल्लक राहिलं ते हेच. चंद्रावर असताना छायाचित्रं काढायचा कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडे होता, म्हणून उत्तमोत्तम फोटोंत दिसतो तो ऑल्ड्रिन. चंद्रावर वावरणारा आर्मस्ट्राँग बघायचा तर मुख्यतः या धूसर चित्राकडेच वळावं लागतं. आणि मूळ, स्वच्छ चित्राच्या फितींचं काय झालं? नासाने २००६ नंतर त्यांचा कसून शोध घेतला. निष्कर्ष असा, की फिती कमी पडत होत्या त्या काळात त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. आपल्याकडे लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच टेप करणारे महाभाग घरोघरी होते, तेव्हा मी फार बोलत नाही.

मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं ते काही महिन्यांनी, कराडच्या थिएटरात, मुख्य सिनेमाआधीच्या रिळात. सिनेमा कोणता होता ते आठवत नाही. रीळ आठवतं. मागच्या बाकांवर शिट्ट्या चाललेल्या, पुढे कुणी बिडी ओढतंय, आणि पडद्यावर एक राखाडी आकार शिडीवरून खाली सरकतोय. थिएटर गप्प झालं वगैरे म्हटलं तर ते खोटं होईल. कुणीतरी ओरडलं, “अरे, लाइट लावा की!” त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबरात, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स तिघेही जगाच्या दौऱ्यात मुंबईला येऊन गेले होते. गिरगावातल्या माझ्या मामाने त्यांना गर्दीतून पाहिलं. “कॉलिन्स जास्त हसतमुख,” एवढंच तो पुढे जन्मभर सांगत राहिला. मला ते रास्त वाटतं. चंद्रापर्यंत जाऊनही न उतरलेला माणूस हसतमुख असेल, तर त्याची नोंद व्हायलाच हवी.

या चित्राचं मोठेपण माझ्या लेखी त्याच्या स्पष्टतेत नव्हतंच. ते प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा पुढे काय होणार हे दाखवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. उतरताना संगणक १२०२ या क्रमांकाचा इशारा पुन्हा पुन्हा देत होता, खाली मोटारीएवढ्या दगडांनी भरलेलं विवर होतं, इंधन संपत आलं होतं, आणि हे सगळं ऐकणाऱ्याला जसंच्या तसं ऐकू येत होतं. चंद्रावरून वर नेणारं इंजिन सुरू झालं नसतं, तर दोन माणसांचा अंत जगाला थेट कळला असता. तरीही कॅमेरा चालू ठेवायचं ठरलं. लूना-१५च्या शेजारी ही गोष्ट ठेवून पाहिली, की मला अमेरिकेच्या झेंड्यापेक्षा त्या उलट्या बसवलेल्या कॅमेऱ्याबद्दल जास्त आदर वाटतो.

नंतर लोक कंटाळले. हे इतक्या लवकर घडलं, की आज खरं वाटत नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ने रंगीत कॅमेरा नेला. अंतराळवीर अ‍ॅलन बीन तो हलवत असताना कॅमेऱ्याचं तोंड सूर्याकडे गेलं आणि आतली नळी जळाली. चित्र बंद. वेळ भरून काढायला एका अमेरिकन वाहिनीने चक्क कळसूत्री बाहुल्यांना अंतराळवीरांचा पोशाख घालून नाचवलं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३च्या तिघांनी यानातून टीव्हीसाठी कार्यक्रम केला, तो एकाही मोठ्या वाहिनीने थेट दाखवला नाही. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत टाकीचा स्फोट झाला आणि मग सगळे कॅमेरे परत आले. त्याआधीच अपोलो-२० रद्द झालं होतं. सप्टेंबरात आणखी दोन मोहिमा रद्द झाल्या. १९६६ मध्ये नासाचा वाटा अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकात चार टक्क्यांहून जास्त होता. तो उतरणीला लागला तेव्हा आर्मस्ट्राँग अजून चंद्रावर जायचाच होता.

आणि खरं बघण्यासारखं तर नंतरच होतं! अपोलो-१५च्या डेव्हिड स्कॉटने ऑगस्ट १९७१ मध्ये कॅमेऱ्यासमोर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून पीस सोडलं; दोन्ही एकदम जमिनीवर. गॅलिलिओचं म्हणणं पटवायला याहून चांगला तास कुठल्या शाळेत झाला नसेल. शेवटच्या तीन मोहिमांत चंद्रावर चालवायची गाडी होती आणि तिच्यावरचा कॅमेरा ह्यूस्टनमध्ये बसलेला एड फेंडेल फिरवायचा. संदेश जायला सव्वा सेकंद, चित्र यायला सव्वा सेकंद, त्यामुळे बटण दाबल्यावर काय झालं ते लगेच कळायचं नाही. अपोलो-१५चं यान चंद्रावरून निघताना कॅमेरा वर वळलाच नाही. अपोलो-१६च्या वेळी गाडी हवी तिथे उभी नव्हती, यान चौकटीबाहेर गेलं. १४ डिसेंबर १९७२ला अपोलो-१७ निघालं तेव्हा फेंडेलने घड्याळाबरहुकूम, यान हलायच्या आधीच, कॅमेरा वर उचलायची आज्ञा पाठवली. यान सुटलं, ठिणग्या उडाल्या, आणि कॅमेरा त्याच्यामागोमाग वर वर गेला. चंद्रावर माणूस उरला नव्हता आणि चंद्रावरचा कॅमेरा त्याला जाताना बघत होता. सगळ्या अपोलो चित्रणांत मला हे चित्र सगळ्यांत जास्त आवडतं. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

‘एवढा पैसा चंद्रावर का?’ हा प्रश्न आमच्या आळीतही होता. मास्तर विज्ञानाच्या बाजूचे, वडील हिशेबाच्या. पण अमेरिकेतही तो होता, आणि फार टोकदार होता. अपोलो-११ उडायच्या आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंगचे सहकारी राल्फ अबरनॅथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं घेऊन केप केनेडीला धडकले. नासाचे प्रमुख टॉमस पेन बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले. उद्याचं बटण न दाबल्याने गरिबी सुटणार असती तर आम्ही ते दाबलं नसतं, अशा अर्थाचं ते म्हणाले. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. नाकारताही येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं ते विक्रम साराभाईंनी. चंद्र-ग्रहांच्या किंवा माणसं धाडण्याच्या बाबतीत श्रीमंत देशांशी शर्यत लावण्याची आपल्याला हौस नाही, पण समाजाच्या खऱ्या प्रश्नांसाठी प्रगत तंत्र वापरण्यात आपण कुणाच्या मागे राहता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ची, म्हणजे चांद्रविजयानंतर महिनाही झाला नव्हता. सप्टेंबरात अमेरिकेशी करार झाला, आणि १९७५-७६ मध्ये नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दिसला: शेती, आरोग्य, शाळेचे पाठ. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. आपल्या वाट्याला आलं ते नारायणगावजवळच्या आर्वीचं उपग्रह केंद्र. त्याला साराभाईंचंच नाव, विक्रम. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना ती प्रचंड डिश दिसायची आणि मी दर वेळी मनात म्हणायचो, दोन-तीन वर्षं आधी आली असतीस तर!

चंद्राचा एक कण मात्र मुंबईत आला होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांचा अभ्यास केला. विश्वकिरण खनिजांच्या स्फटिकांतून जाताना सूक्ष्म रेघा ठेवून जातात. आम्लात धुऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या, की तो दगड चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता ते काढता येतं. त्या गटात नरेंद्र भंडारी होते. पुढे चांद्रयान-१च्या विज्ञानाची आखणी करणाऱ्यांत ते होते. शर्यत नको म्हणणारा देश २२ ऑक्टोबर २००८ला चंद्राकडे निघाला, त्याच्या मुळाशी कुलाब्यात मोजलेल्या त्या रेघाही आहेत. आणि चंद्रावर सहा वेळा माणसं उतरवूनही अमेरिकेला जे नीट कळलं नव्हतं, ते चांद्रयान-१वर बसून गेलेल्या अमेरिकन उपकरणाने दाखवलं: चंद्राच्या मातीत पाण्याची खूण आहे.

मग ७ सप्टेंबर २०१९ची पहाट. गौरी जेवल्या ती रात्र. घरात आवराआवर, पुरणाचा वास, आणि मी आणि पुतणी टीव्हीसमोर. चांद्रयान-२चा लँडर, नाव पुन्हा विक्रम, खाली येत होता. पडद्यावर लाल रेघ आणि तिच्यावरून उतरणारा हिरवा ठिपका. शेवटाकडे ठिपका रेघ सोडून बाजूला गेला आणि थांबला. बंगळुरूच्या कक्षातले चेहरे बदलले तेव्हा निवेदक अजून बोलत होता. इस्रोने सांगितलं, २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक होतं. सकाळी इस्रोचे तेव्हाचे प्रमुख के. सिवन यांना रडू आवरलं नाही, तेही देशाने थेट पाहिलं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना ते बघवलं नाही. एवढा गाजावाजा कशाला केला होता, असंही म्हणाले. मला उलट वाटलं. अपयशाचा ठिपका आपण लपवला नाही, मुलांना शाळांतून आणून बसवलं होतं त्यांच्यादेखत तो थांबला. हे मला त्या वेळच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. चारच दिवस आधी रशियाचं लूना-२५ चंद्रावर आदळलं होतं. चांद्रयान-३ मात्र टेकलं. एकट्या यूट्यूबवर इस्रोचं प्रक्षेपण एका वेळी ८० लाखांवर लोक बघत होते. बाहेर फटाके वाजायला लागल्यावर मी गच्चीत गेलो. श्रावणातला चंद्र वर होता, अर्धा. खाली येऊन पंचांग बघितलं: सप्तमी.

योगायोग वाटला, पण तो तसा नाही. ईगल जिथे उतरलं आणि विक्रम जिथे उतरलं त्या जागा उत्तर-दक्षिण फार लांब आहेत, पण चंद्राच्या रेखांशात जवळपास शेजारी, एक २३ अंशांवर आणि दुसरी ३२ अंशांवर. आणि दोघांनाही तिथली सकाळ हवी होती. आर्मस्ट्राँगला अशासाठी, की तिरप्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि खड्डे-दगड ओळखू येतात. विक्रमला अशासाठी, की सौरपट्ट्यांवर चालायचं तर आपल्या चौदा दिवसांएवढा चंद्राचा अख्खा दिवस हाताशी हवा. त्या भागात सूर्य उगवून वर येतो तो पृथ्वीवरून चंद्र साधारण षष्ठी-सप्तमीचा दिसतो तेव्हा. एरवी मुहूर्त वगैरे न मानणारा मी, पण ही तिथी दोन्ही वेळा सूर्यानेच काढून दिली होती.

एक तक्रार मात्र आहे. त्या संध्याकाळी थेट प्रक्षेपणात आपण प्रत्यक्ष चंद्र पाहिलाच नाही. पडद्यावर आकडे होते, आलेख होता, संगणकाने रंगवलेलं यान होतं, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात दूरच्या देशातून जोडले गेलेले पंतप्रधान होते. लँडरने उतरताना टिपलेलं चित्रण नंतर आलं, आणि ते विलक्षण होतं: जमीन जवळ येते, खड्डे मोठे होतात. ते थेट दाखवणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे. उतरताना प्रत्येक आकडा यान वाचवण्यासाठी लागतो, चित्राला जागा कुठून देणार? पण हाच प्रश्न १९६९ मध्येही होता, आणि कुणीतरी भांडून दहा चित्रांची जागा काढली.

पुढचं काय? माणसांना पुन्हा चंद्रावर उतरवण्याच्या नासाच्या तारखा पुढे सरकत आल्या आहेत. त्यांचं आर्टेमिस-१ हे यान नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये रिकामं जाऊन आलं. चीन बोलतो कमी आणि करतो जास्त: २०१९ला चंद्राच्या पाठीमागे उतरला, २०२४ला तिथली माती घेऊन आला. जपानचं स्लिम हे यान जानेवारी २०२४ मध्ये नाकावर पडून उभं राहिलं आणि तसंच काम करत राहिलं, त्याचं मला विशेष कौतुक आहे. आपल्याकडे चांद्रयान-४ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, २,१०४ कोटी रुपये. जपानबरोबरच्या चांद्रयान-५मध्ये अडीचशे किलोंची गाडी असेल. चांद्रयान-३ची आपली प्रज्ञान गाडी पंचवीस किलोंच्या आसपास होती. आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, असं सरकारने ठरवलं आहे. ते बघायला मी असेन याची खात्री नाही, पुतणी असेल. तिला माणूस उतरण्यापेक्षा चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या बर्फात जास्त रस आहे. तिचं म्हणणं, पाणी मिळालं तरच लोक तिथे राहतील, आणि राहतील तरच ते कंटाळवाणं होईल, आणि तसं झालं तरच ते टिकेल. अपोलोचं नेमकं उलटं झालं, हे तिला मी सांगितलेलं नाही. तिने वाचूनच काढलंय.

मला तूर्त चांद्रयान-४ची ओढ आहे. दोन रॉकेटांवरून पाच भाग जाणार, अवकाशात जोडले जाणार. त्या जोडणीची रंगीत तालीम जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेने केली. खाली उतरलेल्या यानाचा वरचा भाग माती घेऊन उडणार, खालचा भाग तिथेच राहणार. चीनच्या चांग-ई-५ने २०२० मध्ये हेच केलं, तेव्हा खाली राहिलेल्या भागावरच्या कॅमेऱ्याने वरचा भाग सुटताना टिपला होता. इस्रोत कुणी हे वाचत असेल असं नाही, पण कुणाचा भाऊ, कुणाची वहिनी, विक्रोळीत इंजिनं बनवणाऱ्यांपैकी कुणी, कुणीतरी वाचत असेल. त्यांना एवढाच निरोप द्या: खालच्या भागावर एक कॅमेरा ठेवा, वर बघणारा, वळवता येणारा. सव्वा सेकंदाचा हिशेब आधीच करून ठेवा. वजनाचं कारण कुणी पुढे केलं, तर सव्वातीन किलोंचं उदाहरण द्या, आणि आता तर तो पाव किलोत बसेल. आणि जे दिसेल ते, वर गेलेलं किंवा न गेलेलं, तेव्हाच्या तेव्हा दाखवा.